अर्ध्या नोटेची कड

१

रविवारी सकाळी आंघोळ उरकली की शेखरराव बोराडे आधी देवाला हात जोडत आणि मग नोटेला. देवाला लागे अर्धं मिनिट. नोटेला चांगला तास.

नोट कसली, अर्धी नोट. बँक ऑफ वेस्टर्न डेक्कन या कधीच्या काळी बुडालेल्या खाजगी बँकेची, दहा रुपयांची, १८४७ सालची. सरकारनं नोटा काढायचा हक्क स्वतःकडे घेतला, त्याआधी अशा बँका आपापल्या नोटा काढत. टपालाच्या वाटेवर चोर फार, म्हणून नोट लांब पाठवायची तर ती मधोमध कापत. डावा तुकडा आधी जाई. तो पोचल्याचं पत्र आलं की उजवा तुकडा दुसऱ्या टपालानं निघे. पलीकडच्यानं दोन्ही जुळवले की झाली नोट. शेखररावांकडे होता तो डावा तुकडा. उजव्याचं काय झालं, कोणाला माहीत नव्हतं. त्या बँकेची दुसरी नोट, अर्धी म्हणा की पुरी, कोणाच्याच संग्रहात नव्हती. जगात एकच तुकडा होता, आणि तो जेल रोडला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, लोखंडी कपाटात, जुन्या चादरींच्या खाली होता.

माणसाकडे मिरवायला एक तरी गोष्ट लागते. शेखररावांकडे एवढी एकच होती.

ते चौतीस वर्षं नाशिक रोडच्या प्रेसमध्ये नोटांच्या तपासणीला होते. कोऱ्या करकरीत नोटांमधून एका केसाएवढी सरकलेली रेघ त्यांनी पकडायची आणि नोट बाजूला काढायची. हा त्यांचा जन्माचा धंदा. नोकरीत असतानाच डोळे आणि सवय दोन्ही घरी आली, निवृत्तीनंतरही राहिली. म्हणून दर रविवारी ते अर्धी नोट काचेवर ठेवत, भिंगातून बघत, स्टीलच्या पट्टीनं तिची रुंदी मोजत आणि वहीत लिहीत. अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर. तीस वर्षं अठ्ठ्याऐंशी.

"मोजा, मोजा. रात्रीतून वाढली असेल," संजनाताई आपल्या कोपऱ्यातून म्हणायच्या.

हॉलच्या टोकाला, बाहेरच्या भिंतीला टेकून त्यांची वेताची खुर्ची असायची. शेजारच्या भिंतीवर, अगदी कोपऱ्यात, आरोहीच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा होत्या. पोरगी लग्न होऊन हैदराबादला गेली, तरी त्या खुणांवरून संजनाताईंनी कधी रंग मारू दिला नव्हता. त्या खुर्चीत बसून त्या भाजी निवडायच्या, पेपर वाचायच्या, नवऱ्याची चेष्टा करायच्या. नोटेच्या कापलेल्या कडेजवळही एक बाई छापलेली होती. नखाएवढी, टोपली घेऊन बसलेली, तोंड डावीकडे. तिचं कोपर कडेला नेमकं टेकलेलं. शेखरराव कधीमधी लाडात येऊन म्हणायचे, "ही तूच बघ. कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघत असतेस."

२

प्रफुल्ल भावसार मूळचा येवल्याचा. बापाचे चार हातमाग होते, यानं पैठणीची तीन दुकानं केली आणि गंगापूर रोडला बंगला बांधला. सात वर्षांपूर्वी तो पिशवीभर जुन्या नोटा घेऊन शेखररावांच्या दारात उभा राहिला होता. "भाऊ, मला यातलं काय बी कळत नाय. तुम्ही शिकवा."

शेखररावांनी शिकवलं. कागद उजेडाला कसा धरायचा, शाई कशी ओळखायची, अर्ध्या नोटांची कड कशी जुळवायची. "एक ध्यानात ठेव," ते सांगायचे, "दोन तुकडे म्हणजे नोट. तीन तुकडे म्हणजे रद्दी. तिसरा तुकडा कोणाचाच नसतो." प्रफुल्ल मान डोलवायचा, वहिनींच्या हातचे पोहे मागून खायचा.

शिकवताना शेखररावांना सुख व्हायचं. शिष्य शिकला तेव्हा मात्र पोटात दुखायला लागलं. ज्या नोटा ते वीस वर्षं नुसत्या यादीत बघत आले, त्या प्रफुल्ल एका फोनवर विकत घ्यायचा. आणि वर, घेतल्यावर पहिल्यांदा त्यांनाच दाखवायला आणायचा, हे तर अगदी मरणच. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. त्याच्यावर मनसोक्त जळता तरी आलं असतं.

डिसेंबरात त्याचा फोन आला. "भाऊ, बसलाय ना? मालेगावला एका रद्दीवाल्याकडं जुन्या कागदांचा गठ्ठा घेतला. त्यात काय निघालं सांगू? तुमचा उजवा."

त्याच संध्याकाळी प्रफुल्लच्या बंगल्यात, नोटांसाठी मुद्दाम बांधलेल्या खोलीत, दोन्ही तुकडे काचेवर शेजारी ठेवले. नंबर एकच, ४१३. कडा अशा मिळाल्या की कापल्याची रेघ दिसेना. पावणेदोनशे वर्षांनी ती नोट क्षणभर पुरी झाली.

प्रफुल्लचे डोळे भरून आले होते. "भाऊ, हिला आता वेगळं नका करू. तुमचा अर्धा मला द्या, मागाल ती किंमत देतो. नाहीतर असं करा, माझा तुम्ही घ्या. एक रुपया नको. पण दोन्ही एका घरात राहू द्या."

विकला तर हरलो, घेतला तर उपकार. शेखररावांना दोन्ही नको होतं. खरं तर त्यांना एवढंच हवं होतं, की हा उजवा तुकडा कधी सापडलाच नसता.

"ज्याचा त्याच्याकडे बरा," ते म्हणाले. त्यांनी आपला अर्धा उचलून पाकिटात घातला. उचलताना कड कागदाला चिकटल्यासारखी किंचित अडली, आणि मग सुटली.

३

पुढच्या रविवारी पट्टीवर सत्त्याऐंशी भरले.

शेखररावांनी चष्मा पुसला. पट्टी बदलली. सत्त्याऐंशी. थंडी कडक पडली होती, निफाडला तर पारा पार खाली गेला होता. कागद आक्रसतो थंडीत. पण तीस हिवाळे गेले, तेव्हा नाही आक्रसला तो?

भिंगातून पाहिलं तर कड कापल्यासारखी नव्हती. जुनीच, मळकी, तंतू सुटलेली कड. फक्त टोपलीवाल्या बाईचं कोपर नव्हतं. हात कोपराच्या अलीकडे संपत होता.

प्रेसमध्ये एक नियम होता. चूक सापडली की आधी माणूस शोधायचा, मग यंत्र. शेखररावांनी माणूस लगेच शोधला. त्या दिवशी प्रफुल्लच्या टेबलावर नोट पाच मिनिटं होती आणि ते स्वतः हात धुवायला गेले होते. नवीन पात्यानं एक मिलिमीटर काढायला कितीसा वेळ लागतो? पण जुनी मळकी कड नवीन पात्यानं येते कशी, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. संशयाला एकदा घर मिळालं की तो भाडंही देत नाही आणि निघतही नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी शहाऐंशी झाले. या आठवड्यात नोट कपाटाबाहेर आलीच नव्हती आणि किल्ली त्यांच्या जानव्याला होती.

४

"त्यांच्याकडे आज पाव्हणे आलेत वाटतं," संजनाताई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या.

"कोणाकडे?"

"पलीकडे. मघापासून कपबशा वाजताहेत."

शेखररावांनी वहीतून मान वर केली. त्यांचा फ्लॅट टोकाचा. खुर्चीमागच्या भिंतीपलीकडे शेजारी नव्हता. तिथे तिसऱ्या मजल्याइतकी रिकामी हवा होती आणि खाली एक कडुनिंब.

"खालून येत असेल आवाज."

"असेल बाई," म्हणून त्या पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

चार दिवसांनी त्या म्हणाल्या, की स्नेहलची कामवाली आज आली नाही, बिचारी स्वतःच भांडी घासतेय. स्नेहल म्हणजे प्रफुल्लची बायको.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. ऐकलं." आणि मग जरा गोंधळून, "म्हणजे, असं वाटलं मला."

शेखररावांच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे फोन चालतात तर. नोटांची माया जमवली, बंगला जमवला, आता आपल्या घरातलं माणूसही त्याला हवं. दुपारी बायको झोपल्यावर त्यांनी तिचा फोन उघडून बघितला. आपण हे काय करतोय, हे त्यांना कळत होतं आणि लाजही वाटत होती. तरी ते शेवटपर्यंत बघत गेले. स्नेहलला शेवटचा फोन दिवाळीत केलेला होता. प्रफुल्लला तर कधीच नाही.

फोन जागेवर ठेवताना कोपऱ्यातून साजूक तुपात काहीतरी परतल्याचा वास आला. त्यांच्या घरात गेल्या दोन वर्षांपासून, कोलेस्टेरॉलमुळे, साजूक तूप आणलेलं नव्हतं.

५

चौऱ्याऐंशी झाले त्या रविवारी शेखरराव न सांगता गंगापूर रोडला गेले. खिशात पट्टी, भिंग आणि तपासणीचा जुना चामडी बटवा.

प्रफुल्लला केवढा आनंद झाला! "भाऊ, लय दिवसांनी! स्नेहल, चहा टाक, भाऊ आलेत."

"तुझा तुकडा जरा दाखव."

प्रफुल्लनं पाकीट आणून दिलं. मोजायची सवय त्याला कधी लागलीच नव्हती, तो नोटांकडे नुसतं प्रेमानं बघायचा. शेखररावांनी पट्टी लावली. ब्याण्णव. डाव्या कडेला, जुन्या मळकट कागदावर, टोपली धरलेला हात होता.

"हा हात इथे कधीपासून आहे?"

"म्हणजे? पहिल्यापासून हाय की, भाऊ." प्रफुल्लनं वाकून पाहिलं. "हाय ना? नसेल तर जाणार कुठं?"

तो खोटं बोलत नव्हता. चौतीस वर्षं खोट पकडणाऱ्या माणसाला एवढं कळतं. आणि हेच शेखररावांना सोसेना. चोर असता तर कॉलर धरता आली असती. इथे कोणी काही चोरत नव्हतं, आणि तरी त्यांचं ते आठवड्याला एक मिलिमीटर इकडे येत होतं.

स्नेहल चहा घेऊन आली. "भाऊ, वहिनींना का नाही आणलं? मला तर या खोलीत आलं की वाटतं, त्या बाजूलाच बसल्यात. परवा तर त्यांचा खोकलाही ऐकू आला बघा. मनाचे खेळ."

शेखररावांनी तिकडे पाहिलं जिकडे ती बघत होती. खोलीभर पांढरा चकचकीत मार्बल होता. फक्त एका कोपऱ्यात, भिंतीलगत, वीतभर रुंदीचा पट्टा वेगळा होता. लालसर मोझाइकच्या जुन्या फरशा, काळे ठिपके असलेल्या.

"हे काय केलंय?"

"ते व्हय?" प्रफुल्लनं डोकं खाजवलं. "डिझायनरनं काहीतरी केलं असेल. जुन्या फरशीची फॅशन हाय म्हणे."

तशीच फरशी जेल रोडच्या हॉलमध्ये होती. तशी ती निम्म्या नाशकात असेल, शेखररावांनी स्वतःला समजावलं. चहा मात्र त्यांना पुरा पिता आला नाही.

६

घरी येऊन त्यांनी फरशा मोजल्या. दारापासून बाहेरच्या भिंतीपर्यंत बारा असायच्या, हे त्यांना पक्कं माहीत होतं. कारण आरोही लहानपणी त्यावर बारा घरांचा खेळ मांडायची. आता अकरा होत्या आणि बारावीचा जेमतेम एक तुकडा. तो तुकडा कापलेला दिसत नव्हता. भिंतीखाली गेल्यासारखा दिसत होता.

खुर्ची आपल्या जागी होती, भिंतीला टेकून. पण शेजारच्या भिंतीवर, कोपऱ्यात, पेन्सिलच्या खुणा नव्हत्या.

"आरोहीच्या खुणा पुसल्यास?" त्यांचा आवाज चढला.

"मी कशाला पुसू?" संजनाताई खुर्चीतून न उठताच म्हणाल्या. "या काय इथेच आहेत."

त्यांनी हात लांब करून कोपऱ्यात टेकवला. शेखरराव बघत होते. भर दुपार होती, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. संजनाताईंचा हात कोपऱ्यापर्यंत गेला आणि बोटं दिसेनाशी झाली. मनगट होतं, बांगड्या होत्या, तळहात होता. पुढे भिंत होती. त्या तर शांतपणे काहीतरी चाचपत होत्या. "ही पाच वर्षांची. ही सातवीतली. दिसत नाहीत का तुम्हाला?" हात मागे आला तेव्हा बोटं पाचही जागेवर होती. टोकांना पेन्सिलचा काळपटपणा लागला होता.

मग त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. मिलिमीटर, हात, फरशी, सगळं. त्या हसतील असं त्यांना वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"मला हल्ली या खुर्चीत बसलं की गार वारा लागतो पाठीला," त्या हळू म्हणाल्या. "आणि मी कुठे बसलेय ते पटकन कळत नाही. अहो, देऊन टाका ना ती नोट त्यांना. नाहीतर त्यांची तुम्ही घ्या. ते तर म्हणालेच होते. दोन्ही एकत्र झालं की थांबेल बघा."

"त्यांनाच द्या! तुलाही तेच वाटतं, नाही का?"

"मला घर पूर्ण हवंय हो. नोट कोणाची का असेना."

किती साधी गोष्ट मागितली होती तिनं. शेखररावांना तेव्हाही ते कळलं. पण त्यांच्या मनात एकच वाक्य अडकून बसलं, नोट कोणाची का असेना. तीस वर्षं बरोबर राहून या बाईला एवढंही कळू नये?

"ती खुर्ची इकडे घे, दाराजवळ," ते म्हणाले.

खुर्ची ओढून बघितली. दोघांनी मिळून ओढली. ती जड नव्हती, अडकलेलीही नव्हती, पण सरकेना. संजनाताई स्वयंपाकघरात जायच्या, झोपायला जायच्या, बाजारातही जाऊन यायच्या. पण बसायच्या मात्र तिथेच. दुसरीकडे बसलं की त्यांना घेरी यायची.

७

फेब्रुवारी संपत आला त्या रविवारी पट्टीवर एकोणऐंशी भरले. टोपलीवाली बाई शेखररावांच्या तुकड्यावर उरली नव्हती. खांदा नाही, पदर नाही, काही नाही. कोरी मळकी कड.

"संजना," त्यांनी हाक मारली.

"हं," खुर्चीतून आवाज आला. पण तो शेजारच्या घरातून यावा तसा आला. त्या दिसत होत्या, हातात लसणाची गड्डी होती, ओठ हललेले दिसले. आवाज मागाहून पोचला.

"मी आलोच," ते म्हणाले आणि बटवा घेऊन निघाले.

रिक्षात ते सारखा एकच हिशेब करत होते. अठ्ठ्याऐंशी वजा एकोणऐंशी, नऊ. आपलं नऊ मिलिमीटर तिकडे आहे. आपलंच आहे. आपलं आणायला कोणाची परवानगी कशाला? प्रफुल्लकडे मागितलं असतं तर त्यानं आख्खा तुकडा हातावर ठेवला असता, हेही त्यांना माहीत होतं. म्हणून तर मागायचं नव्हतं. त्याच्या हातून घेतलेलं त्यांना गिळवलं नसतं.

प्रफुल्लनं तुकडा काढून काचेवर ठेवला, तेवढ्यात त्याला दुकानातून फोन आला. "भाऊ, दोन मिनिटं हां. तुम्ही बघा तोवर." तो बोलत बोलत बाहेर गेला.

शेखररावांनी भिंग लावलं. सत्त्याण्णव. डाव्या कडेला बाई पुरी आली होती, टोपलीसकट. तिचं तोंड अजून डावीकडेच होतं, जिकडून ती आली तिकडे.

त्यांनी खोलीच्या कोपऱ्यात पाहिलं. मोझाइकचा पट्टा आता चांगला खुर्चीएवढा रुंद झाला होता. बाजूच्या भिंतीवर पांढऱ्या रंगात पिवळ्या डिस्टेंपरचा एक उभा तुकडा होता आणि त्यावर पेन्सिलच्या आडव्या रेघा. अक्षर संजनाचं. आरोही, पाच वर्षं. आरोही, सातवी.

तिथे लसणाचा वास येत होता.

हात थरथरायला हवे होते. पण तपासणीवाल्याचे हात कामाच्या वेळी थरथरत नाहीत. त्यांनी बटव्यातलं पातं काढलं, स्टीलची पट्टी बरोबर नऊवर धरली आणि सरळ, वरून खाली, एका दमात कापलं. नऊ मिलिमीटरची पट्टी वेगळी झाली. त्यावर बाई होती, आणि दुसरं काही नव्हतं.

कोपऱ्यातून, अगदी जवळून, कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. ठेच लागल्यावर म्हणतात तसं.

शेखररावांनी वळून पाहिलं नाही. पट्टी चिमट्यानं पाकिटात ठेवली, उरलेला तुकडा जसा होता तसा झाकला आणि जिन्यावरून खाली आले. प्रफुल्ल गेटपाशी फोनवरच होता. त्यानं हात केला. शेखररावांनीही केला. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाकडे बघून त्यांच्या पोटात दुखलं नाही.

८

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. ओट्यावर चहा उतू जाऊन गॅस विझला होता. त्यांनी बटण बंद केलं आणि हाक मारली.

उत्तर आलं नाही. आधी त्यांनी नोट काढली. हो, आधी नोट. काचेवर आपला तुकडा ठेवला, शेजारी नऊची पट्टी सरकवली. एकोणऐंशी आणि नऊ, अठ्ठ्याऐंशी. हिशेब पुरा झाला. पण कडा जुळेनात. एका बाजूला जुनी मळकी कड, दुसऱ्या बाजूला पात्याची नवी पांढरी रेघ. त्यांनी पट्टी कितीही जवळ नेली तरी मध्ये केसभर फट राहत होती, आणि त्या फटीतून काचेखालचं टेबल दिसायला हवं होतं ते दिसत नव्हतं. तिथे नुसता काळोख होता.

मग त्यांनी हॉलच्या टोकाकडे पाहिलं. दहाच फरशा. अकरावीही गेली होती. कोपऱ्यात खुर्ची नव्हती. खुणा परत आल्या नव्हत्या. भिंत होती, सरळ, गुळगुळीत, आणि तिच्या पायाशी लसणाच्या दोन पाकळ्या पडलेल्या होत्या.

"अहो?"

आवाज भिंतीतून आला.

"अहो, लाइट गेलेत का? इथे काही दिसत नाहीये. आणि खुर्ची अशी अडचणीत कोणी ठेवली?"

"संजना!" शेखररावांनी भिंतीला दोन्ही हात लावले. गार होती. "कुठे आहेस तू?"

"इथेच तर आहे बाई. दोन्हीकडून भिंतच लागतेय हाताला." आवाजात अजून भीती नव्हती, नुसतं नवल होतं. ते जास्त भयंकर होतं. "दार कुठल्या बाजूला आहे हो?"

त्यांनी भिंग उचललं. पट्टीवरची बाई आता बसलेली नव्हती. टोपली तिच्या पायाशी पडली होती. ती उभी होती, एक तळवा डाव्या कडेला टेकलेला, एक उजव्या.

९

फोन वाजला. प्रफुल्लचा होता.

"भाऊ," त्याचा श्वास लागला होता, "वहिनी घरी हायेत ना?"

शेखररावांनी भिंतीकडे पाहिलं.

"भाऊ, इथं आवाज येतोय त्यांचा. कोपऱ्यातनं. ती फरशी गेली, मार्बलच हाय नुसता, आणि भिंतीतनं वहिनी बोलतायत. स्नेहल रडतीय. भाऊ, नोटेची पट्टी तुम्ही कापली ना?"

"माझी होती ती."

"असू द्या हो, तुमचीच असू द्या! मी काय म्हणतोय का? पण तुम्हीच शिकवलं मला, तिसरा तुकडा कोणाचाच नसतो." तो गाडीकडे पळत होता असं वाटलं, किल्ल्या वाजल्या. "मी माझा तुकडा घेऊन निघालोय. वीस मिनिटांत पोचतो. तिन्ही जुळवू. मागनं पातळ कागद लावू, पुन्हा कधी सुटायचीच नाय अशी चिकटवू. वहिनींना सांगा, घाबरू नका म्हणावं."

भिंतीतून संजनाताईंचा आवाज आला. "प्रफुल्लभाऊ बोलताहेत ना? मला ऐकू येतंय. बरं झालं बाई. या म्हणावं लवकर."

तिनं आपल्याला नाही, त्याला बोलावलं. एवढंच शेखररावांनी ऐकलं. समोर काचेवर दोन तुकडे होते, तिसरा वीस मिनिटांत येणार होता. पावणेदोनशे वर्षांनी ती नोट पुरी होणार होती, कायमची, न सुटणारी. त्यांना कळत होतं की आता बोलायचं नाही. नुसतं "ये" म्हणायचं. एक अक्षर. जीभ टाळ्याला लावायची सुद्धा गरज नव्हती.

"प्रफुल्ल," ते म्हणाले.

"बोला, भाऊ."

"जुळवल्यावर नोट कोणाकडे राहणार?"

फोनवर किल्ल्या वाजायच्या थांबल्या.

भिंतीत संजनाताई हातानं चाचपत होत्या, बांगड्या दगडावर घासल्यासारख्या वाजत होत्या. तो आवाज हळूहळू थांबला. शेखररावांनी हाक मारली, पुन्हा मारली, भिंतीला कान लावला. आत कोणीतरी श्वास घेत होतं हे नक्की. पण उत्तर आलं नाही. तिनं ऐकलं होतं.